पंजाबरावांनी आधी वसतिगृह काढले, मग कॉलेज

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आपल्या चळवळीत फार धावपळीचा असतो. २५ तारखेला मनुस्मृती दहन दिनाचे कार्यक्रम, लगेच १ जानेवारीच्या भीमा कोरेगावची तयारी, मग ३ जानेवारीला सावित्रीमाईंची जयंती. या धावपळीत २७ डिसेंबर ही तारीख आपल्या हातून निसटते. त्या दिवशी डॉ. पंजाबराव उर्फ भाऊसाहेब देशमुख यांची जयंती असते. अमरावती-अकोल्याच्या शाळा-कॉलेजांत ती साजरी होते, शेतकरी संघटना करतात, कुणबी-मराठा समाजाची मंडळे करतात. आपल्या विहारात मात्र ती क्वचितच होते. हे महापुरुष त्यांचे, ते आपले, अशी वाटणी वऱ्हाडात कुणी जाहीर न करताच होऊन गेली आहे.

आम्हाला ही वाटणी मान्य नाही. भाऊसाहेबांची आरती करावी असेही आमचे म्हणणे नाही. त्यांच्या कामाच्या मर्यादाही आम्ही पुढे मांडणार आहोत. पण खेड्यातल्या मुलाला कॉलेजपर्यंत न्यायचे असेल तर सुरुवात कुठून करावी, हा प्रश्न आज आपल्या तरुणांसमोर आहे. वऱ्हाडात त्याचे एक उत्तर शंभर वर्षांपूर्वी या माणसाने दिले होते. म्हणून हे चरित्र आपण वाचले पाहिजे.

कापूस, युद्ध आणि शाळा

गोष्ट थोडी मागून सुरू करावी लागेल. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. त्यानंतर आठ वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिथल्या दक्षिणेच्या राज्यांत काळ्या गुलामांच्या हातांनी वेचलेला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत पोहोचेनासा झाला. गिरणीमालकांची नजर वऱ्हाडाच्या काळ्या मातीवर पडली. पऱ्हाटीला कधी नव्हे तो भाव आला. कापूस वाहून नेण्यासाठी रेल्वे आली, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले, व्यापारी पेठा वाढल्या. शिक्षण मात्र त्या वेगाने खेड्यात आले नाही. कापूस पिकवणारा कास्तकार आणि त्याच्या वावरात राबणारा मजूर दोघेही निरक्षरच राहिले, आणि सावकाराच्या वहीवर अंगठा उठवत राहिले.

त्याच युद्धाने १८६५ मध्ये अमेरिकेतली गुलामी संपवली. मुक्त झालेल्या काळ्या लोकांना जमीन मिळाली नाही, पण त्यांनी शाळेचा आग्रह सोडला नाही. अलाबामा राज्यातल्या टस्कीगी या लहानशा गावी लुईस ॲडम्स नावाचा एक माजी गुलाम पत्र्याचे काम करून पोट भरत होता. निवडणुकीत काळ्या मतांची गरज असलेल्या गोऱ्या उमेदवाराकडे त्याने मतांच्या बदल्यात शाळा मागितली. राज्याने शिक्षकांच्या पगारासाठी वर्षाला दोन हजार डॉलर मंजूर केले. जमीन नाही, इमारत नाही. ४ जुलै १८८१ रोजी बुकर टी. वॉशिंग्टन या गुलामीतच जन्मलेल्या तरुणाने मोडक्या जागेत तीसेक विद्यार्थी घेऊन शाळा सुरू केली. पुढे एक ओसाड मळा विकत घेतला. विटा विद्यार्थ्यांनीच भाजल्या. तीन वेळा भट्टी फसली, चौथ्यांदा जमली. त्या विटांनी वर्ग बांधले आणि राहायच्या खोल्याही बांधल्या, कारण दूरच्या मळ्यांतून येणाऱ्या मुलांना गावात कुणी घरात ठेवून घेणार नव्हते. वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे घराघरांत पोहोचलेले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १८९६ पासून अखेरपर्यंत याच संस्थेत राबले.

टस्कीगीची ही गोष्ट लक्षात ठेवा. वऱ्हाडातल्या गोष्टीतही कापूस आहे, जात आहे आणि राहायच्या जागेचा प्रश्न आहे.

पापळ ते ऑक्सफर्ड

पंजाबरावांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या पापळ या गावी झाला. वडील शामराव, आई राधाबाई. मूळ आडनाव कदम. घर शेतकऱ्याचे होते. गावात शाळा होती ती प्राथमिक, तीही अपुरी. पुढच्या शिक्षणासाठी मुलाला चांदूर रेल्वेला जावे लागले. त्यापुढे कारंजा लाडला. त्याहून पुढे अमरावतीच्या हिंदू हायस्कूलमध्ये. मॅट्रिकनंतर पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात.

ही गावांची यादी आम्ही मुद्दाम दिली आहे. दर दोन-तीन इयत्तांनंतर या मुलाला गाव सोडावे लागले. प्रत्येक वेळी पहिला प्रश्न शाळेच्या फीचा नव्हता. राहायचे कुठे आणि जेवायचे कुणाकडे, हा होता. ब्राह्मण विद्यार्थ्याला शहरात वार लावून जेवण्याची परंपरा होती. आठवड्यातला एकेक दिवस एकेका घरी जेवून कित्येक गरीब ब्राह्मण मुले शिकली. कुणबी, माळी, तेली, धनगर घरातल्या मुलाला अशी सोय नव्हती. महार, मांग, चांभार घरातल्या मुलाला तर शहरात भाड्याने खोली मिळणेही दुरापास्त होते. शाळेचे दार कागदोपत्री सर्वांना उघडे असले तरी शहरात रात्र काढायला छप्पर नसेल तर त्या दाराचा उपयोग नाही. पंजाबरावांनी हे अनुभवातून ओळखले होते.

१९२० मध्ये ते इंग्लंडला गेले. घरच्या शेतीवर कर्ज काढून वडिलांनी त्यांना पाठवले. एडिंबरो विद्यापीठातून त्यांनी एम. ए. केले, बॅरिस्टर झाले आणि ऑक्सफर्डमधून डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय होता वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास. तो १९३३ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने पुस्तकरूपाने छापला. ज्या घरात वेदाचा अधिकार कुणी मानला नसता, त्या शेतकऱ्याच्या घरातला मुलगा ऑक्सफर्डला जाऊन वेदांची चिकित्सा करतो, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. १९२० ते १९२३ या वर्षांत बाबासाहेबही लंडनमध्ये आपला अर्धवट राहिलेला अभ्यास पूर्ण करत होते. जातीच्या उतरंडीत दोघांच्या जागा वेगळ्या होत्या, वाट्याला आलेले अपमानही वेगळे होते. पण ज्ञानाची मक्तेदारी मोडण्यासाठी दोघेही त्याच काळात समुद्र ओलांडून गेले होते.

पहिले काम : वसतिगृह

१९२६ मध्ये पंजाबराव परतले आणि अमरावतीत वकिली करू लागले. बॅरिस्टर आणि डॉक्टर अशा दोन पदव्या असलेला माणूस त्या काळी सहज मोठ्या पगाराच्या सरकारी नोकरीत गेला असता. त्यांनी अमरावतीत वसतिगृह काढले. नाव दिले श्रद्धानंद छात्रालय.

या नावाबद्दल थोडे बोलले पाहिजे, कारण आपल्या वाचकांना ते खटकू शकते. स्वामी श्रद्धानंद आर्य समाजाचे पुढारी, शुद्धी चळवळीचे नेते. डिसेंबर १९२६ मध्ये दिल्लीत त्यांचा खून झाला. त्यांच्या धार्मिक राजकारणाशी आपले जमण्यासारखे नाही. पण अस्पृश्यतेच्या प्रश्नावर काँग्रेसमध्ये प्रामाणिकपणे झगडणारा माणूस म्हणून बाबासाहेबांनीही पुढे आपल्या ग्रंथात श्रद्धानंदांचा गौरव केला आहे. हे नाव निवडताना पंजाबराव हिंदू समाजसुधारणेच्या चौकटीतच विचार करत होते, हे आपण नोंदवून ठेवू. त्या चौकटीच्या मर्यादा पुढे दिसतीलच.

पण वसतिगृहाच्या आत काय होते, ते महत्त्वाचे आहे. तिथे सर्व जातींची मुले एकत्र राहत होती, अस्पृश्य मुलेही त्यांच्यात होती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहे उभी केली, पण तिथे जातवार व्यवस्था होती. त्या काळात एकेका समाजाने पुढे येऊन आपल्या मुलांची सोय करावी, यासाठी तसे करणे आवश्यक होते. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये छत्रपती शाहू बोर्डिंग काढले, तिथे सर्व जातींची मुले एका पंगतीत बसत. अमरावतीचे छात्रालय याच दुसऱ्या वाटेवरचे होते. एका छपराखाली झोपणे आणि एका पंगतीत जेवणे हा तिथला धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हता.

समाजशास्त्र शिकताना आम्ही जातीच्या व्याख्या पाठ केल्या : रोटीबंदी, बेटीबंदी, व्यवसायबंदी. पंजाबरावांनी यातल्या पहिल्या दोन बंदींवर वर्षभराच्या आत घाव घातला. रोटीबंदीवर वसतिगृहात, आणि बेटीबंदीवर स्वतःच्या घरात. १९२७ मध्ये त्यांनी मुंबईच्या विमल वैद्य यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. विमलाबाई सोनार समाजातल्या. पुढे त्या कायद्याच्या पदवीधर झाल्या आणि भाऊसाहेबांच्या मृत्यूनंतर राज्यसभेवरही गेल्या.

१९२७ चे अमरावती

आपल्या चळवळीच्या इतिहासात १९२७ म्हणजे महाड. २० मार्चला चवदार तळे, २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन. या दोन तारखांच्या मध्ये अमरावती आहे, हे आपण अनेकदा विसरतो.

अमरावतीची अंबादेवी हे शहराचे जुने देवस्थान. अस्पृश्यांना त्यात प्रवेश नव्हता. वऱ्हाडातल्या अस्पृश्य समाजात त्याआधीपासून जागृती होती. ग. आ. गवई यांच्यासारखे नेते कायदेमंडळापर्यंत पोहोचलेले होते. मंदिरप्रवेशाची मागणी १९२७ मध्ये जोर धरू लागली. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरमध्ये बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद भरली. परिषद चालू असतानाच बाबासाहेबांना थोरले बंधू बाळाराम यांच्या निधनाची बातमी मिळाली. तरी त्यांनी परिषद सोडली नाही. मंदिराच्या विश्वस्तांना विचार करायला मुदत द्यावी आणि सत्याग्रह पुढे ढकलावा, असे ठरले.

या लढ्यात स्पृश्य समाजातून जे लोक उघडपणे पाठीशी उभे राहिले, त्यांत पंजाबराव पुढे होते. नुकताच परदेशाहून आलेला, वकिली सुरू करणारा आणि निवडणुकीच्या राजकारणात शिरू पाहणारा तरुण. देवस्थानाच्या विरोधात आणि अस्पृश्यांच्या बाजूने उभे राहण्यात त्यांचा काही फायदा नव्हता. स्वजातीतली मते जाण्याचीच भीती होती. आज आपण मित्रपक्ष, समविचारी, पुरोगामी हे शब्द सहज वापरतो. ते शब्द कुणाला लावायचे हे ठरवताना ही कसोटी उपयोगी पडते : स्वतःच्या समाजात त्या माणसाने काय पणाला लावले?

विहीर, देवस्थान, कर्ज

१९२८ मध्ये पंजाबराव अमरावतीच्या जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. हाती सत्ता आल्यावर त्यांनी कौन्सिलच्या सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांसाठी खुल्या केल्या. महाडच्या तळ्याला वर्ष उलटले होते. गावोगावी त्या आदेशाची अंमलबजावणी सारखी झाली असेल, असे आपण भाबडेपणाने मानू नये. पण पाण्याचा हक्क ही स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे, हे एका अध्यक्षाने मान्य केले, ही नोंद राहते.

१९३० मध्ये ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळावर निवडून आले आणि शिक्षण, शेती यांसारखी खाती सांभाळणारे मंत्री झाले. १९३२ मध्ये त्यांनी हिंदू देवस्थान संपत्ती विधेयक आणले. देवळांमध्ये साठून राहिलेली संपत्ती सार्वजनिक नियंत्रणाखाली यावी आणि लोकांच्या कामी लागावी, असा त्यामागचा विचार. धर्माच्या नावावर मोठा विरोध झाला आणि तो कायदा होऊ शकला नाही. शेतकऱ्याच्या कर्जाची तडजोड करून देणाऱ्या कर्ज लवाद कायद्यासाठीही त्यांनी खटपट केली. तो कायदा १९३३ मध्ये आला.

या तिन्ही कामांमधून त्यांची दृष्टी दिसते. पाणी, देवळातला पैसा आणि सावकाराची वही, या तीन ठिकाणी गावातली सत्ता बसलेली होती. शिक्षण नुसते पाटी-पेन्सिल देऊन येत नाही. बापाचे शेत सावकाराकडे असेल तर मुलगा शाळेतून निघून बैलामागे जातो. बापाकडे शेतच नसेल तर तो दुसऱ्याच्या बैलामागे जातो.

शिवाजी शिक्षण संस्था

१९३२ मध्येच अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्थेची स्थापना झाली. छात्रालय आधी, संस्था नंतर, हा क्रम आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. खेड्यातून आलेली मुले आधी शहरात टिकली, मग त्यांच्यासाठी शाळा वाढल्या आणि शाळांमधून बाहेर पडणाऱ्यांसाठी कॉलेज लागले. १९४६ मध्ये अमरावतीत श्री शिवाजी कॉलेज सुरू झाले. पुढे अकोल्यासह विदर्भाच्या इतर जिल्ह्यांत संस्थेच्या शाळा-कॉलेजांचे जाळे पसरले. शेतीचे शिक्षण त्यात आले, आणि भाऊसाहेबांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय १९८४ मध्ये अमरावतीत निघाले.

१९४६ हे वर्ष पुन्हा पाहा. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबईत बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. सोसायटी १९४५ ची. १९५० मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादला कॉलेज काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. निजामाच्या राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय जवळपास नव्हती. बाबासाहेबांनी तिथे कॉलेजसोबत वसतिगृहांनाही तेवढेच महत्त्व दिले. मराठवाड्यातल्या किती पिढ्या नागसेनवनात राहून शिकल्या, हे वेगळे सांगायला नको. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावचे गाडगेबाबा तर निरक्षर. पण त्यांनीही आयुष्यभर धर्मशाळा आणि वसतिगृहे बांधली, आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या सोसायटीच्या हवाली केली. शिक्षणात राहायच्या जागेचे मोल वऱ्हाडच्या या निरक्षर माणसाला आणि ऑक्सफर्डच्या डॉक्टरला सारखेच कळले होते.

टस्कीगीशी तुलना करायची झाली तर प्रामाणिकपणे करू. टस्कीगी काळ्या लोकांनी काळ्या लोकांसाठी उभी केलेली संस्था होती. शिक्षक काळे, प्राचार्य काळा. आपल्याकडे तिच्या सर्वांत जवळ जाते ते मिलिंद. शिवाजी शिक्षण संस्था शेतकरी बहुजन समाजाच्या नेतृत्वाखाली उभी राहिली आणि तिचे दार सर्व जातींना उघडे ठेवण्यात आले. दोन्ही प्रकारच्या संस्था लागतात. पहिल्या प्रकारात शोषित समाजाला स्वतःचा कारभार चालवायची सवय होते. दुसऱ्या प्रकारात शेजारच्या जातीतली मुले एकमेकांना वर्गमित्र म्हणून ओळखू लागतात.

दिल्ली आणि अकोला

घटना समितीत बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष होते, तर पंजाबराव मध्यप्रांत-वऱ्हाडचे सदस्य. शेतकरी आणि मागास जातींचा वाटा राज्यकारभारात असला पाहिजे, ही बाजू त्यांनी तिथे लावून धरली. मागास वर्गांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी आयोग नेमण्याची तरतूद घटनेच्या ३४० व्या कलमात आली. मागासवर्गीयांच्या देशव्यापी संघटनेचे नेतृत्वही पंजाबरावांनी केले. बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला, तेव्हा हिंदू कोड बिलासोबत मागास वर्गांचा आयोग नेमण्यात होणारी चालढकल हेही एक कारण होते. आज ओबीसी आणि बौद्ध एकमेकांचे स्पर्धक आहेत, असे सांगणाऱ्यांना हा इतिहास दाखवावा लागतो.

१९५२ पासून सलग तीन वेळा पंजाबराव अमरावतीतून लोकसभेवर निवडून गेले आणि १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात शेतीचे काम पाहत होते. भातशेतीच्या जपानी पद्धतीचा प्रसार त्यांनी केला. १९५५ मध्ये भारत कृषक समाज काढला. १९५९-६० मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवले. १० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यात कृषी विद्यापीठ सुरू झाले, त्याला त्यांचे नाव आहे.

मर्यादा

आता मर्यादांबद्दल. पंजाबराव शेवटपर्यंत काँग्रेसच्या आणि हिंदू समाजसुधारणेच्या चौकटीत राहिले. मंदिर उघडले, विहीर उघडली, एका पंगतीत जेवलो की अस्पृश्यता हळूहळू जाईल, असा तो विचार होता. बाबासाहेब १९२७ मध्ये मंदिराच्या दारापर्यंत गेले. नंतर मंदिराकडे पाठ फिरवून १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी नागपुरात धम्म दिला. दारात उभे राहून वाट पाहण्यात समाजाचा स्वाभिमान नाही, या निष्कर्षाला ते आले होते. पंजाबराव त्या निष्कर्षाला आले नाहीत. आम्ही बाबासाहेबांच्या वाटेवरचे आहोत, त्यामुळे हा फरक पुसून टाकणार नाही.

दुसरी मर्यादा शेतीची. शेतकरी या एकाच शब्दात जमीनवाला आणि भूमिहीन दोघेही बसवले गेले. खारपाणपट्ट्यातला दोन-चार एकरांचा कास्तकार कर्जात बुडालेला आहे, त्याच्या आत्महत्यांचे दुःख आपलेही आहे. पण त्याच वावरात निंदण-वेचणी करणाऱ्या आपल्या आयाबहिणींचे नाव सातबाऱ्यावर कुठेच नाही. कर्जमाफी होते तेव्हा त्यांच्या नावावर माफ करायला कर्जही नसते.

तिसरी मर्यादा संस्थांची. बहुजनांच्या शिक्षणासाठी निघालेल्या महाराष्ट्रातल्या कित्येक शिक्षणसंस्था पुढे राजकारणाची केंद्रे झाल्या. सभासदत्व मोजक्या घराण्यांत फिरू लागले. शिकायला दार उघडे, पण कारभारात, नेमणुकांत आपली माणसे किती, हा प्रश्न विचारला की शांतता पसरते. संस्थापक कितीही मोठ्या मनाचा असला तरी त्याचे मोठे मन संस्थेच्या घटनेत आपोआप उतरत नाही. आपल्या स्वतःच्या संस्थांनाही हे लागू आहे. गटबाजीने आणि कोर्टकज्ज्यांनी पोखरलेल्या संस्था आपल्याकडेही कमी नाहीत.

आज काय?

महाराष्ट्र शासनाच्या दोन योजना पाहा. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्याला शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर राहण्या-जेवण्याच्या खर्चासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. एकाच गावातून दोन मुले निघतात, एकाच एसटीने अमरावतीला येतात. एक बाबासाहेबांच्या नावाचा अर्ज भरतो, दुसरा भाऊसाहेबांच्या नावाचा. दोघेही खोलीचे भाडे कसे भागवायचे आणि पैसे खात्यात कधी जमा होणार, याच काळजीत असतात. गावातले राजकारण मात्र या दोघांना सांगत असते की तुझे नुकसान समोरच्यामुळे होते आहे.

या दोघांना एकत्र बसवणे हे आमच्या मते आजचे काम आहे. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. आपल्या बौद्ध तरुणांना आणि कार्यकर्त्यांना आम्ही चार साध्या गोष्टी सुचवतो.

पहिली : आपल्या गावातून आणि आजूबाजूच्या पाच गावांतून यंदा बारावीनंतर शहरात कोण जाणार आहे, याची यादी विहारात तयार करा. यादीत जात पाहू नका. मुलींची नावे आधी लिहा, कारण राहायची सोय झाली नाही तर शिक्षण सर्वांत आधी त्यांचेच सुटते.

दुसरी : वसतिगृह प्रवेश, स्वाधार, निर्वाह भत्ता, शिष्यवृत्ती यांचे अर्ज भरण्याचे शिबिर निकालाच्या आठवड्यातच घ्या. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँक खात्याची आधार जोडणी ही कामे उशिरा सुरू झाली की वर्ष वाया जाते.

तिसरी : अमरावती-अकोल्यात नोकरीला असलेल्या समाजबांधवांनी मिळून एक भाड्याचे घर घेऊन पाच-सात मुलांची सोय करता येते. पुतळ्यासाठी वर्गणी गोळा करणारी आपली मंडळे हे नक्कीच करू शकतात. त्या घरात दुसऱ्या जातीचेही एक-दोन विद्यार्थी ठेवा.

चौथी : २७ डिसेंबरला विहारात भाऊसाहेबांवर एक व्याख्यान ठेवा आणि गावातल्या कुणबी, माळी, तेली, धनगर मुलांना बोलवा. ते येतील की नाही ही शंका मनात ठेवूनच बोलवा. त्यांना १३ नोव्हेंबर १९२७ ची गोष्ट सांगा. आपल्या पणजोबांच्या पिढीत अमरावतीत त्यांच्यातला एक बॅरिस्टर अस्पृश्यांच्या बाजूने उभा राहिला होता, हे त्यांच्यापैकी अनेकांना कुणी सांगितलेलेच नाही. आणि आपल्यापैकी अनेकांनाही नाही.

यंदाचे बारावीचे निकाल लागायच्या आत पहिली यादी तयार झाली पाहिजे. आमच्या गावांची यादी आम्ही करायला घेतली आहे, तुमच्या गावांची तुम्ही करा.

जय भीम.